राजाचं डोकं उडवलं, पुढे राजे परतही आले, मग फ्रेंच राज्यक्रांतीने बदललं काय?

प्रश्न असा आहे की फ्रेंच राज्यक्रांती नक्की कशामुळे झाली, पुस्तकात असतं ते गरिबी, विचारवंत, राणीची उधळपट्टी हेच खरं कारण का, आणि १७९३ ला राजाला मारूनसुद्धा अकरा वर्षांत नेपोलियन सम्राट झाला, १८१४ ला त्याच मारलेल्या राजाचा भाऊ गादीवर येऊन बसला, तर मग एवढं सगळं करून मिळालं काय. आणि शेवटी, आपल्याशी याचा काय संबंध. मी आधी कॉलेजात बीएच्या मुलांना आणि नंतर स्पर्धा परीक्षावाल्यांना आधुनिक युरोप बरीच वर्षं शिकवलाय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी राणीचं उरकून टाकतो. "ब्रेड नाही तर केक खा" हे मारी आंत्वानेत म्हणाल्याचा काडीचा पुरावा नाही. विचारवंत रूसोने हा किस्सा कुठल्यातरी राजकन्येच्या नावावर लिहून ठेवला तेव्हा ही बाई ऑस्ट्रियात लहान मुलगी होती. आणि उधळपट्टीचं म्हणाल तर १७८८ चं फ्रान्सचं बजेट उपलब्ध आहे, खर्च साधारण ६३ कोटी लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन), त्यात राजदरबाराचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास. हो, सहा. दागिने, विग, व्हर्सायच्या राजवाड्याची कारंजी, सगळं धरून. सैन्य आणि आरमार पंचवीस टक्क्यांच्या वर, आणि सगळ्यात मोठा आकडा कर्जावरचं व्याज आणि हप्ते, जवळजवळ निम्मं बजेट. म्हणजे राणीने उद्यापासून सुती साडीच नेसायची ठरवली असती तरी राज्य वाचलं नसतं.

कर्ज कुठून आलं? लढायांमधून. शेवटचा घाव अमेरिकेचा. इंग्लंडची जिरवायची म्हणून फ्रान्सने अमेरिकन क्रांतीला पैसा, जहाजं, सैनिक पुरवले, त्यात शंभर कोटी लिव्रच्या वर खर्च झाला आणि तो जवळपास सगळा कर्ज काढून. जिनिव्हाहून आलेला बँकर नेकर तेव्हा खजिना सांभाळत होता, त्याने टॅक्स न वाढवता युद्ध चालवून दाखवलं म्हणून लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. १७८१ ला त्याने राज्याचा जमाखर्च छापून काढला, अशी गोष्ट आधी कधी झाली नव्हती, लोकांच्या अक्षरशः उड्या पडल्या, आणि त्यात चक्क एक कोटी लिव्र शिल्लक दाखवली होती! युद्धाचा खर्च वेगळा काढून ठेवला की शिल्लक दिसणारच ना. पण त्यामुळे झालं असं की पुढे प्रत्येक मंत्री पैसे नाहीत म्हणाला की लोक म्हणायचे, नेकरच्या वेळी होते, तुम्ही खाल्ले.

कर्ज काढायची पद्धत तर इतकी भोंगळ की मुलांना सांगितलं की हसतात. सरकार लोकांकडून एकरकमी पैसे घ्यायचं आणि बदल्यात माणूस जिवंत असेपर्यंत दरवर्षी आठ-दहा टक्के द्यायचं, आणि त्यात वय बघायचंच नाही, म्हातारा असो की पाच वर्षांची पोर, दर सारखा. जिनिव्हाच्या बँकर्सनी काय केलं, चांगल्या घरच्या, देवीच्या साथीतून सुटलेल्या धडधाकट मुली निवडल्या आणि त्यांच्या नावावर पैसे गुंतवले. मुली मस्त जगल्या आणि फ्रान्सचा खजिना त्यांच्या आयुष्यभर पैसे मोजत बसला. इंग्लंडवरही कर्ज काही कमी नव्हतं, माणशी हिशोब केला तर फ्रान्सपेक्षा जास्तच भरेल, पण तिथे पार्लमेंट त्या कर्जामागे उभी होती, जमीनदार स्वतः टॅक्स भरत होते, म्हणून त्यांना व्याज स्वस्त पडायचं. फ्रान्समध्ये राजा एकटा शब्द देणारा, आणि राजांनी आधी अनेकदा हात वर केलेले, म्हणून महाग.

बरं मग टॅक्स वाढवायचा. कोणावर? इथे खरी मेख आहे.

फ्रान्समध्ये तेव्हा साधारण पावणेतीन कोटी लोक. धर्मगुरूंची संख्या दीडेक लाखाच्या आत आणि देशातली दहा टक्क्यांच्या आसपास जमीन त्यांची. सरदार-उमरावांकडे साधारण पाव देश. मुख्य जो थेट आकारला जाणारा कर, 'ताय', तो या दोघांना माफ. चर्च दर पाच वर्षांनी राजाला स्वतःच्या मर्जीने काहीतरी देणगी द्यायचं. आणि फक्त हेच दोघं नाहीत हां, हे पुस्तकात येत नाही, पॅरिससारख्या शहरांतल्या लोकांनाही 'ताय' माफ होता, आणि श्रीमंत व्यापारी सरकारी पद विकत घेऊन सरदार बनायचा आणि माफीच्या यादीत जायचा. म्हणजे पैसा आला की पहिली गोष्ट काय करायची तर टॅक्समधून सुटायचं. उरला कोण, शेतकरी. तो राजाला कर देणार, चर्चला धान्याचा हिस्सा देणार, जमीनदाराला वेगळं देणार, वर जमीनदाराच्याच गिरणीत दळायचं आणि त्याच्याच भट्टीत भाजायचं, त्याचेही पैसे.

मिठाचं तर विचारूच नका. काही प्रांतांत मिठावर भयंकर कर, आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे ठराविक मीठ सरकारकडून विकत घ्यायलाच लागायचं, लागो न लागो, आणि शेजारच्या ब्रिटनी प्रांतात तेच मीठ वीसेक पट स्वस्त. मग स्मगलिंग होणारच, लोक कुत्र्यांना शिकवून त्यांच्या अंगावर मीठ बांधून सीमेपलीकडे पाठवायचे, आणि पकडलेल्या माणसाला सक्तमजुरी. ही वसुली सरकार स्वतः करत नव्हतं, चाळीस बड्या ठेकेदारांच्या कंपनीला मक्ता दिलेला. ऑक्सिजनवाला लॅव्हॉझिए, सातवी-आठवीच्या विज्ञानात भेटतो तो, तो या चाळिसांपैकी एक. पॅरिसमध्ये येणाऱ्या मालावर जकात चुकू नये म्हणून या कंपनीने शहराभोवती भिंत बांधून घेतली होती, तीही अगदी क्रांतीच्या तोंडावर. ही भिंत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर १७८६ च्या ऑगस्टमध्ये कालोन नावाच्या मंत्र्याने राजाला सरळ सांगितलं की आता सगळ्यांच्या जमिनीवर सारखा कर लावल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यासाठी १७८७ च्या फेब्रुवारीत १४४ बड्या लोकांची सभा भरवली, सरदार, बिशप, न्यायाधीश. आता ज्यांच्यावर कर लावायचा त्यांनाच बोलावून विचारलं लावू का, तर ते काय म्हणणार? त्यांनी कालोनलाच घरी पाठवलं. त्याच्या जागी ब्रियेन आला, त्यानेही फिरून तीच योजना आणली, मग पॅरिसच्या वरिष्ठ कोर्टाने अडवलं. या कोर्टांना राजाचे हुकूम नोंदवून घ्यायचा अधिकार होता आणि तिथले जज म्हणजे सगळे सरदार, पद विकत घेतलेले. त्यांनी म्हटलं की नवा कायमचा कर लावायचा हक्क फक्त इस्टेट्स जनरलला, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि बाकी सगळे अशा तीन गटांच्या प्रतिनिधींच्या सभेला, जी १६१४ नंतर भरलीच नव्हती. गंमत बघा, स्वतःची करमाफी वाचवायला हे लोक "जनतेची संमती" असे शब्द वापरत होते आणि जनता त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होती. १७८८ च्या जूनमध्ये ग्रेनोबलला लोकांनी या जजांच्या बाजूने छपरांवर चढून सैनिकांवर कौलं फेकली. ऑगस्टमध्ये खजिना रिकामा, सरकारने देणी थांबवली, आणि राजाला पुढच्या वर्षी इस्टेट्स जनरल बोलवायचं कबूल करायला लागलं.

म्हणजे पहिला दगड सरदारांनी मारला. राजेशाहीच्या विरोधातली क्रांती राजेशाहीचे सगळ्यात मोठे लाभार्थी सुरू करतात, हे माझ्या मते या सगळ्यातलं सगळ्यात शिकण्यासारखं आहे आणि पेपरात कोणी लिहीत नाही. व्हॉल्टेअर आणि रूसो दोघंही १७७८ लाच वारले होते. त्यांचे विचार होते, वाचले जात होते, पण विचार शंभर वर्षं नुसते पडून राहू शकतात. राजा दिवाळखोर झाला म्हणून ते विचार बोलायला एक व्यासपीठ मिळालं, तेही सरकारी खर्चाने.

आता भूक. भूक खरी होती, फक्त ती क्रांतीचं टायमिंग ठरवते, दिशा नाही. १३ जुलै १७८८ ला उत्तर फ्रान्समध्ये प्रचंड गारपीट झाली, उभं पीक झोपलं, त्यावर हिवाळा इतका कडक की नद्या गोठल्या, गिरण्या बंद. पॅरिसमध्ये चार पौंडाची पावाची लादी एरवी आठ-नऊ सूला (सू म्हणजे तेव्हाचं छोटं नाणं) मिळायची ती १७८९ च्या फेब्रुवारीत साडेचौदा सू झाली. मजुराची रोजची कमाई वीस ते तीस सू, आणि चार माणसांच्या घराला दिवसाला अशा दोन लाद्या लागायच्या. करा हिशोब. भाडं, सरपण, कपडे कुठून आणायचे? दुष्काळ फ्रान्सने याआधी याहून वाईट पाहिले होते, १७०९ चा तर भीषण, तेव्हा लोक मेले पण राज्य हललं नाही. यावेळी फरक असा की याच महिन्यांत राजाने गावोगाव फतवा काढला होता की तुमच्या तक्रारी लिहून पाठवा. साठेक हजार तक्रारवह्या जमा झाल्या. त्यात राजाला घालवा असं जवळजवळ कुठेच नाही, उलट आमचा दयाळू राजा वगैरे. पण मीठ, जमीनदाराची कबुतरं (ती शेतातलं दाणं खायची आणि त्यांना मारायची बंदी), शिकारीचे हक्क, वसुलीवाले, हे पानोपान. उपाशी माणसाला तुम्ही तुझं दुःख लिहून दे म्हणालात, त्याने लिहून दिलं, आता त्याला वाटणार ना की काहीतरी होणार.

५ मे १७८९ ला व्हर्सायला सभा भरली. वाद कशावर, तर मतं डोकी मोजून घ्यायची की गटांप्रमाणे. तिन्ही गटांना एकेक मत दिलं तर पहिले दोघं मिळून तिसऱ्याला कायम हरवणार. सहा आठवडे यातच गेले. १७ जूनला तिसऱ्या गटाने स्वतःला राष्ट्रीय सभा जाहीर केलं आणि त्याच दिवशी काय ठराव केला माहितीये? की सध्याचे सगळे कर बेकायदा आहेत, पण ही सभा चालू आहे तोवर तात्पुरते चालू राहतील. म्हणजे आम्हाला उठवलंत तर कर बंद. नस बरोब्बर पकडली. टेनिस कोर्टाची शपथ, म्हणजे घटना केल्याशिवाय पांगणार नाही ही शपथ, ती तीन दिवसांनी, चित्र तिचं निघालं म्हणून ती सगळ्यांना माहीत.

नेकरला मधल्या काळात परत मंत्री केलं होतं, ११ जुलैला राजाने त्याला काढलं. बातमी पॅरिसला पोचल्यावर कर्जरोखेवाले श्रीमंत घाबरले की आता राज्य पैसे बुडवणार, गरीब घाबरले की आता पाव अजून महागणार, शहराभोवती परदेशी पलटणी आणून ठेवलेल्या. १२ आणि १३ जुलैला लोकांनी आधी काय जाळलं, तर ती जकातीची भिंत, तिच्यावरची बहुतेक नाकी. बॅस्टिल, म्हणजे पॅरिसमधला किल्लावजा तुरुंग, तो त्यानंतर, १४ ला, आणि तेही दारूगोळ्यासाठी. आत कैदी होते फक्त सात. हल्ला करणाऱ्यांतले शंभराच्या आसपास लोक मेले. राजाने त्या दिवशी डायरीत "काही नाही" लिहिलं हे खरं आहे, पण ती मुख्यतः शिकारीची डायरी होती, त्यावरून त्याला मूर्ख ठरवणं जरा अन्याय आहे. मूर्खपणा त्याने दुसरीकडे भरपूर केलाय.

इथून पुढचं बहुतेकांना माहीत असतं म्हणून पळवतो, फक्त शेतकऱ्यांपाशी थांबतो कारण तिथे सगळं आहे. बॅस्टिलनंतर खेड्यांत अफवा पसरली की सरदारांनी दरोडेखोर सोडलेत, लोक हत्यारं घेऊन बाहेर पडले, दरोडेखोर कुठेच नव्हते, मग तीच माणसं जमीनदाराच्या वाड्यावर गेली आणि तिथली जुनी दफ्तरं, कोण किती देणं लागतो ती कागदपत्रं, ती जाळली. वाडे जळले ते बऱ्याचदा दफ्तर देत नाही म्हणून. आपल्याकडे १८७५ ला पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरात घुसून कर्जखतं जाळली, अगदी तोच प्रकार. घाबरून ४ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रीय सभेत सरदार एकेक करून उठले आणि आपापले हक्क सोडत गेले, पहाटेपर्यंत सरंजामशाही संपली म्हणून जाहीर. पण सकाळी वकील मंडळी शुद्धीवर आली आणि बारीक अक्षरात घातलं की जमिनीवरची देणी सोडवून घ्यायला शेतकऱ्याने वर्षाच्या रकमेच्या वीस-पंचवीस पट भरायचे! शेतकऱ्यांनी ते भरलेच नाहीत, सरळ बंद केलं देणं. चार वर्षं ओढाताण चालली आणि १७ जुलै १७९३ ला सरकारने शेवटी नुकसानभरपाईशिवाय सगळं रद्द केलं. २६ ऑगस्टचा मानवी हक्कांचा जाहीरनामा थोर आहेच, पण खेड्यातल्या माणसाची क्रांती ही होती.

खजिना मात्र अजून रिकामाच. म्हणून २ नोव्हेंबर १७८९ ला चर्चची जमीन सरकारजमा केली, तिच्या तारणावर 'असिन्या' नावाचे रोखे काढले, पुढे तेच नोटा म्हणून चालवले, गरज पडेल तशा छापत गेले, आणि १७९६ पर्यंत त्यांची किंमत इतकी कोसळली की छपाईचे साचे पॅरिसच्या चौकात जाहीरपणे मोडावे लागले. चर्चची जमीन घेतली म्हणजे पाद्र्यांचा पगार सरकारवर आला, पगार देतो तर निष्ठेची शपथ घ्या म्हटलं, निम्म्यांनी घेतली, निम्म्यांनी नाही, आणि देश उभा चिरला गेला. ही माझ्या मते क्रांतीची सगळ्यात महाग पडलेली चूक. १७९३ च्या मार्चमध्ये तीन लाखांची सैन्यभरती काढली तेव्हा पश्चिमेकडच्या व्हेंदे भागातले शेतकरी, हो शेतकरीच, राजा आणि पाद्री यांच्या बाजूने उठले, आणि तिथे जे झालं त्यात मेलेल्यांची संख्या गिलोटिनवर (डोकं उडवायचं यंत्र) मेलेल्यांच्या कितीतरी पट आहे, दोन लाखांच्या आसपास. दहशतीच्या काळात, म्हणजे १७९३-९४ मध्ये क्रांती सरकारने शत्रू म्हणून लोकांना धडाधड मारलं तेव्हा, कोर्टाने शिक्षा देऊन मारलेले सतरा हजारांच्या घरात, आणि त्यात सरदार थोडे, सामान्य माणसंच जास्त. लॅव्हॉझिएही त्यात गेला, ८ मे १७९४ ला, बाकी वसुली ठेकेदारांबरोबर.

राजाचं मरण टळू शकलं असतं का? १७९१ च्या जूनपर्यंत घटनात्मक राजा चालला असता असं मला वाटतं. पण तो वेषांतर करून कुटुंबासकट पळाला, वारेन गावात ओळखला गेला, आणि मागे स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र सोडून आला होता की मला यातलं काहीच मान्य नव्हतं. त्यानंतर १७९२ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध, म्हणजे बायकोच्या माहेराशीच. युद्धात हार व्हायला लागली तर संशय कोणावर जाणार? १० ऑगस्टला राजवाड्यावर हल्ला, २१ सप्टेंबरला राजेशाही रद्द, २१ जानेवारी १७९३ ला गिलोटिन.

आता मुख्य प्रश्न, मिळालं काय. यासाठी मी मुलांना एक कसोटी सांगायचो. घोषणा बघू नका, १८१४ ला बघा. लुई अठरावा, मारलेल्या राजाचा सख्खा भाऊ, तेवीस वर्षं परदेशात काढून, शत्रूच्या फौजांच्या मागोमाग पॅरिसला येतो. त्याला काहीही उलटं फिरवायची इच्छा असणार. मग त्याने कशाला हात लावला नाही? जे तोसुद्धा उलटवू शकला नाही ते टिकलेलं. त्याने दिलेली सनद उघडा. पहिलंच कलम, कायद्यापुढे सगळे फ्रेंच समान, पदवी काहीही असो. दुसरं कलम, प्रत्येकाने आपल्या ऐपतीच्या प्रमाणात कर भरायचा, भेद नाही. अहो हेच तर कालोन मागत होता! सत्तावीस वर्षं, एक राजा, लाखो माणसं, आणि दुसऱ्या कलमात तेच वाक्य. नववं कलम, सगळी मालमत्ता सुरक्षित, आणि त्यात क्रांतीत जप्त करून विकलेली मालमत्तासुद्धा आली. म्हणजे चर्चची आणि पळून गेलेल्या सरदारांची जमीन ज्याने विकत घेतली ती त्याची राहिली. साधारण दहावा हिस्सा जमीन अशी हात बदलून गेली असं मानतात. घेणारे बरेचसे शहरी पैसेवाले आणि मोठे शेतकरी, भूमिहीनाला फार काही मिळालं नाही हेही खरं. पण लाखो खरेदीदार, त्यांचे जावई, त्यांचे सावकार, एवढ्या लोकांच्या सातबाऱ्याला हात लावणं कुठल्याही राजाला परवडणारं नव्हतं. १८२५ ला पळालेल्या सरदारांना भरपाई दिली, पण सरकारी रोख्यांत, जमीन नाही.

नेपोलियनचा १८०४ चा दिवाणी कायदाही त्या सनदेने चालू ठेवला. वारसाहक्क त्यातला सगळ्यात जिवट भाग. आधी अनेक ठिकाणी, खासकरून सरदारांत, थोरल्या मुलाला सगळं. क्रांतीने मुलगे-मुली सगळ्यांना सारखा वाटा दिला, नेपोलियनने ते जरा सैल केलं पण मूळ ठेवलं, तीन किंवा जास्त मुलं असतील तर बाप मृत्युपत्राने फक्त चौथा हिस्सा मनासारखा देऊ शकतो, बाकी मुलांचं. याने दोन पिढ्यांत मोठ्या इस्टेटी फुटत जातात, कोणाला गिलोटिनवर न चढवता. प्रांत मोडून १७९० ला केलेले ८३ जिल्हे, त्यांची व्यवस्था अजून ओळखता येते. जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद १७९२ पासून चर्चकडून काढून नगरपालिकेकडे. मीटर आणि किलो तर तुम्ही रोज वापरता, १७९५ चा फ्रेंच कायदा, पृथ्वीच्या ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, कारण गावागावात जमीनदाराची मापं वेगळी असायची आणि तक्रारवह्यांत ही तक्रार भरपूर होती. आपल्याकडे शेर-मण जाऊन ते १९५६ च्या कायद्याने आलं.

आणि काय टिकलं नाही? मिठावरचा कर नेपोलियननेच १८०६ ला परत आणला. घटस्फोट १७९२ ला मिळाला, १८१६ ला गेला, १८८४ ला परत. कामगारांना तर क्रांतीनेच मारलं, १७९१ च्या ले शापलिए कायद्याने संघटना आणि संप बेकायदा, कामगार संघटनांना मान्यता थेट १८८४ ला. बायका ऑक्टोबर १७८९ ला पावसात व्हर्सायपर्यंत चालत जाऊन राजाला पॅरिसला घेऊन आल्या, पण १७९३ ला त्यांचे क्लब बंद केले, स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणाऱ्या ओलँप द गूजला गिलोटिनवर पाठवलं, आणि मताचा हक्क दिला १९४४ ला. आपल्या बायकांच्या जेमतेम काही वर्षं आधी. हैती या फ्रान्सच्या कॅरिबियनमधल्या वसाहतीचं सगळ्यात वाईट. तिथल्या गुलामांनी १७९१ ला उठाव केला, १७९४ ला फ्रान्सने गुलामी रद्द केली, १८०२ ला नेपोलियनने परत आणली, हैतीवाल्यांनी त्याच्या फौजेला हरवून १८०४ ला स्वतंत्र देश केला, आणि १८२५ ला फ्रान्सने तोफा रोखून त्यांच्याकडूनच १५ कोटी फ्रँक भरपाई मागितली, मालकांचे गुलाम गेले म्हणून. समानतेच्या घोषणेची खरी परीक्षा तिथे होती.

लोकशाही म्हणाल तर ती लगेच आलीच नाही. १८३० ला आणि १८४८ ला परत क्रांत्या, मग १८७० ला प्रजासत्ताक बसलं ते टिकलं, १४ जुलै राष्ट्रीय सण १८८० ला झाला, चर्च आणि सरकार कायद्याने वेगळे १९०५ ला. शंभर वर्षं भांडण चाललं. पण त्या शंभर वर्षांत कुठलाही राजा करमाफी आणि वेठ परत आणू शकला नाही.

आपल्याशी संबंध? आहे, आणि आपल्याला महागात पडलेला. टिपूच्या श्रीरंगपट्टणला १७९७ ला फ्रेंचांनी जॅकोबिन क्लब (पॅरिसच्या जहाल क्रांतिकारकांच्या नावाचा) काढला, स्वातंत्र्याचं झाड लावलं. पुढच्या वर्षी वेलस्ली गव्हर्नर जनरल म्हणून आला आणि त्याच सुमाराला नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला. वेलस्लीला कारणच मिळालं. निजामाची फ्रेंच अधिकाऱ्यांची पलटण १७९८ ला मोडली, टिपू १७९९ ला गेला, आणि मग नजर दौलतराव शिंद्यांवर, कारण महादजींनी द बॉयन या युरोपियन अधिकाऱ्याकडून उभी केलेली कवायती फौज आता पेराँ नावाच्या फ्रेंचाच्या हातात होती. पेराँला क्रांतीशी काही देणंघेणं नव्हतं, तो पैसे कमवायला आला होता, पण लंडनला लिहिताना यमुनेकाठी फ्रेंच राज्य उभं राहतंय असं लिहिलं की युद्धाला परवानगी सोपी. सप्टेंबर १८०३ ला अलीगढ पडलं, त्याच महिन्यात असईची लढाई. युद्धाचं कारण फक्त हे नव्हतं, वसईचा तह वगैरे होतंच, पण पॅरिसच्या भीतीचं बिल थोडं आपल्यावरही फाटलं.

स्वातंत्र्य, समता, बंधुता आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत आहेत म्हणून ती तिकडून आली असं मुलं सरसकट लिहितात. बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात स्पष्ट सांगितलंय की ही तीन तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेली नाहीत, माझे गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली. उत्तरात हे लिहा, मार्क जातील असं वाटत असेल तरी लिहा.

आणि त्या वारसाकायद्याची सावली बघायची तर फ्रान्सला जायची गरज नाही. गोव्यात पोर्तुगीजांनी त्यांचा १८६७ चा दिवाणी कायदा लावला, त्याच्यावर नेपोलियनच्या कायद्याचा ठसा आहे, आणि वारसाहक्काची ती चौकट तिथे आजही चालते. मुलंबाळं असतील तर निम्म्यापेक्षा जास्त इस्टेट मृत्युपत्राने बाहेर देता येत नाही, मुलगी असो की मुलगा. गोव्याचं कोणी ओळखीचं असेल, खासकरून लग्न होऊन तिकडून इकडे आलेली बाई, तर विचारून बघा, माहेरच्या इस्टेटीसाठी नोटरीकडे गेल्यावर तिची सही का लागते ते.